दोन अँटेना, दोन चिन्हे आणि थोडासा हिशेब



यंदाच्या मालेसाठी संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा मी ‘मोबाइलमधला हिशेब’ असे कळवले. त्यांच्यापैकी एकाला वाटले की मी रिचार्जच्या दरांवर टीका करणार आहे. तसे नाही. हिशेब म्हणजे आपण फोन कानाला लावतो तेव्हा आतला प्रोसेसर दर सेकंदाला जी कोट्यवधी बेरजा-गुणाकारांची आकडेमोड करतो, ती. आणि माझा मुद्दा असा की ती आकडेमोड थोडक्यात कशी उरकायची हे ज्यांनी शोधले, त्यांच्यामुळेच हे यंत्र सामान्य माणसाच्या खिशात आले. बिनतारी संदेशवहनाच्या शास्त्रात उत्तमोत्तम पद्धती पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेक पुस्तकांत राहिल्या. खिशात आल्या त्या स्वस्त पद्धती.

आपल्या पणजोबांच्या पिढीला ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती. बे एके बे संपले की पंतोजी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि शेवटी औटकी घोकून घेत. साताची औटकी साडेचोवीस, हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याला सात रुपयांच्या भावाने साडेतीन शेर तूप घेताना कागद लागत नसे. गुणाकार महाग आहे, पाठांतर आणि बेरीज स्वस्त आहेत, हे त्यामागचे शहाणपण. सिलिकनच्या चिपमध्येही नेमकी तीच परिस्थिती असते. सोळा अंकी द्विमान संख्यांचा गुणाकार म्हणजे ढोबळ मानाने सोळा बेरजांचे काम. तेवढी चिपवरची जागा, तेवढीच वीज. दोनाने भागणे मात्र जवळजवळ फुकट, कारण द्विमान पद्धतीत अंक एक घर उजवीकडे सरकवले की झाले. आपण दहाने भागताना दशांशचिन्ह सरकवतो तसे. जॅक व्होल्डर या अमेरिकी अभियंत्याने १९५९ साली विमानाच्या दिशादर्शक संगणकासाठी एक रीत प्रसिद्ध केली. तिच्यात साइन-कोसाइनसुद्धा केवळ अंक सरकवून आणि बेरीज-वजाबाकी करून निघतात. ‘कॉर्डिक’ हे तिचे नाव. १९७२ च्या एचपी-३५ या खिशात मावणाऱ्या गणकयंत्रात ती होती. आजही रेडिओच्या चिपांमध्ये लहरीचा कोन फिरवायचा असतो तेथे ती वापरतात. ही आमची औटकी.

आता अडचण काय आहे ते पाहू. टॉवरवरून निघालेली लहर आपल्यापर्यंत एका वाटेने येत नाही. मांडवीच्या आसपासच्या जुन्या वस्तीत उभे राहा. एक लहर थेट येते, एक समोरच्या भिंतीवर आपटून, एक पाण्याच्या टाकीवरून, एक जाणाऱ्या बसवरून परतून. या सगळ्यांनी कापलेले अंतर वेगवेगळे असते. दोन लहरींचे माथे एकाच वेळी आले तर बेरीज होते, एकीचा माथा आणि दुसरीचा खळगा एकत्र आले तर वजाबाकी होते. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे माथ्यापासून खळग्यापर्यंत साडेसोळा सेंटिमीटर. यासाठीच गॅलरीच्या या कोपऱ्यात ‘रेंज’ नसते आणि वीतभर सरकल्यावर येते. याला जादू समजण्याचे कारण नाही, आणि कंपनीला शिव्या देण्याचेही नेहमीच कारण नाही.

चालत्या गाडीत ही वीत झपाट्याने ओलांडली जाते. ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या रेल्वेत बसलेला प्रवासी सेकंदाला सुमारे ३३ मीटर पुढे जातो, म्हणजे त्याच लहरीच्या शंभर लांब्या. त्याच्या हातातल्या फोनला एका सेकंदात दीडदोनशे चढउतार सोसावे लागतात.

या चढउताराची किंमत किती, हे आकड्यांत सांगितल्याशिवाय पुढचे पटणार नाही. समजा आपल्याला हजार अंकांमागे एकच अंक चुकलेला चालणार आहे. वाट मोकळी आणि एकच असेल, चढउतार नसेल, तर त्यासाठी गोंगाटाच्या सुमारे पाचपट ताकदीचा संदेश पुरतो. तोच संदेश चढउताराच्या वाटेने पाठवायचा तर ताकद सरासरीने अडीचशेपट लागते. पन्नासपट फरक! कारण सरासरी कितीही चांगली असली तरी चुका होतात त्या खळग्यात, आणि खळगा भरून काढण्यासाठी सगळीकडेच ताकद वाढवत बसावे लागते. घरात एकच खोली थंड राहते म्हणून सगळ्या वाड्यात शेगड्या पेटवाव्यात, त्यातला प्रकार.

यावरचा उपाय फार जुना आहे, आणि सामान्य माणसाच्या बुद्धीला सहज सुचणारा आहे: एका वाटेवर विसंबू नये. एक वाट शंभरात एकदा दगा देत असेल आणि दुसरी तिच्याशी संबंध न ठेवता शंभरात एकदा दगा देत असेल, तर दोन्ही एकाच वेळी दगा देण्याचा प्रसंग दहा हजारांत एकदा येतो. म्हणून रिसीव्हरला दोन अँटेना लावायच्या, त्या पुरेशा अंतरावर ठेवायच्या आणि दोघींनी ऐकलेले जुळवून घ्यायचे. टॉवरला हे सहज जमते. तेथे जागा आहे, वीज आहे, आणि एका टॉवरचा खर्च हजारो लोकांत वाटला जातो. फोनमधून टॉवरकडे जाणारा आवाज अशा रीतीने सुधारला होता. उलट्या दिशेचे काय? ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना फोन केला आणि भारतात मोबाइल सुरू झाला. त्या काळचा हँडसेट आठवून पाहा. त्यात दुसरी अँटेना, तिच्यासाठी दुसरा रेडिओ, आणि दोन्ही चालवायला बॅटरी, हे सगळे घालायचे तर वजन, किंमत आणि चार्जिंग तिन्ही वाढणार. आणि हा खर्च हजारात वाटला जाणारा नव्हे, प्रत्येकाने आपापला सोसायचा.

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला: दोन अँटेना टॉवरवरच ठेवून, फोनमध्ये एकच ठेवून, दोन वाटांचा फायदा फोनला देता येईल का?

पहिल्यांदा सुचते ते उत्तर चुकते. टॉवरच्या दोन्ही अँटेनांतून एकच संदेश एकाच वेळी सोडू, असे वाटते. पण एका वाटेने तो ‘अधिक तीन’ होऊन आला आणि दुसऱ्या वाटेने ‘उणे तीन’ होऊन आला, तर फोनच्या पदरी शून्य. टॉवरला प्रत्येक फोनची वाट त्या क्षणी कशी आहे हे ठाऊक असते, तर त्याने चिन्ह बदलून पाठवले असते. ते त्याला ठाऊक नाही, हीच तर गोची. नव्वदच्या दशकात यावर पुष्कळ डोकी चालली. कोणी दुसऱ्या अँटेनातून तोच संदेश थोड्या उशिराने सोडून पाहिला. मार्च १९९८ मध्ये तारोख, शेषाद्री आणि कॅल्डरबँक यांनी काळ आणि अवकाश दोन्हींत गुंफलेले संकेत मांडले. ते सुंदर होते आणि ताकदवान होते, पण ते उलगडायला फोनमध्ये शक्यतांचे मोठे जाळे तपासावे लागे, आणि फायदा वाढवायचा तर ते जाळे दुपटी-चौपटीने वाढत जाई.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सियावश अलामूती यांचा आठ पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. अलामूती मूळचे इराणचे, शिक्षण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात, आणि हे काम त्यांनी केले ते एटी अँड टीच्या बिनतारी विभागात. निबंधाच्या नावातच ‘साधी पद्धत’ असे शब्द होते. नावातला साधेपणा बहुधा विनय असतो. येथे ते शब्दशः खरे होते. ती पद्धत मी तुम्हांला पूर्ण दाखवतो, कारण तिला सातवीच्या पलीकडचे गणित लागत नाही.

आपल्याला दोन चिन्हे पाठवायची आहेत. त्यांना क आणि ख म्हणू. प्रत्येक चिन्ह +१ किंवा −१ आहे. टॉवरवर दोन अँटेना: उजवी आणि डावी. उजवीची वाट आलेल्या आकड्याला तीनाने गुणते, डावीची चाराने. पहिल्या क्षणी उजवीने क पाठवायचा, डावीने ख. दुसऱ्या क्षणी अदलाबदल, पण एक चिन्ह पालटून: उजवीने उणे ख पाठवायचा, डावीने क. एवढेच.

फोनच्या एकुलत्या अँटेनाला दोन्हींची सरमिसळ ऐकू येते. समजा क = +१ आणि ख = −१. पहिल्या क्षणी तिला मिळते ३ × (+१) + ४ × (−१), म्हणजे −१. दुसऱ्या क्षणी उजवीने उणे ख, म्हणजे +१ पाठवला, त्याचे तीन झाले, डावीने क, म्हणजे +१ पाठवला, त्याचे चार झाले, एकूण ७. फोनच्या हाती हे दोनच आकडे, −१ आणि ७. आता तो काय करतो? पहिल्याला तीनाने गुणतो, दुसऱ्याला चाराने गुणतो आणि बेरीज करतो: −३ + २८ = २५. मग पहिल्याला चाराने, दुसऱ्याला तीनाने गुणून वजा करतो: −४ − २१ = −२५. क ची पंचवीसपट आणि ख ची पंचवीसपट, दोन्ही एकमेकांपासून स्वच्छ सुटून हातात आली. खिचडीतून डाळ आणि तांदूळ वेगळे झाले, आणि त्यासाठी चार गुणाकार, एक बेरीज आणि एक वजाबाकी पुरली.

हे पंचवीस कोठून आले? ३ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग. यातच या पद्धतीचा जीव आहे. वर्ग कधी उणे होत नाही, त्यामुळे दोन वाटा एकमेकींना खाऊन टाकू शकत नाहीत. मघाचे ‘अधिक तीन, उणे तीन’ येथे घालून पाहा: ९ अधिक ९, अठरा. उजवी वाट पूर्ण बंद पडली, शून्य झाली, तरी डावीचे सोळा शिल्लक राहतात. दोन्ही एकदम शून्य झाल्या तरच संदेश बुडतो. आणि वेगही घटत नाही, कारण दोन क्षणांत दोनच चिन्हे गेली. खर्चाच्या बाजूला एवढेच लिहायचे की ठरलेली ताकद दोन अँटेनांत अर्धी-अर्धी वाटली जाते, त्यामुळे फोनमध्ये दोन अँटेना बसवून जे मिळाले असते त्यापेक्षा निम्मे मिळते. तरीसुद्धा, हजारात एक चूक या हिशेबाने, मघाचे अडीचशेपट आता सुमारे पंचवीसपटीवर येते. एक दशांश ताकद! टॉवरवर एक अँटेना वाढवली आणि फोनमध्ये चार गुणाकार, त्याच्या बदल्यात.

प्रत्यक्षात लहरीला उंचीबरोबर कोनही असतो, म्हणून ३ आणि ४ च्या जागी संमिश्र संख्या येतात आणि काही ठिकाणी चिन्हाबरोबर कोनही उलटवावा लागतो. पण सांगाडा हाच.

गणिताची आवड असलेल्या श्रोत्यांच्या एव्हाना एक गोष्ट ध्यानात आली असेल. फोनला मिळालेले आकडे −१ आणि ७. त्यांच्या वर्गांची बेरीज ५०. वाटांच्या वर्गांची बेरीज २५, चिन्हांच्या वर्गांची बेरीज २, गुणाकार ५०. दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणले तर उत्तर पुन्हा दोन वर्गांची बेरीजच येते. हे सूत्र ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त याहून व्यापक रूपात दिले. त्याला ‘भावना’ म्हणतात: बेरीज करणारी ती समासभावना, वजाबाकी करणारी ती अंतरभावना. आपल्या फोनने एकदा बेरीज केली आणि एकदा वजाबाकी, ते आठवा. पुढे भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त हीच भावना घेऊन चक्रवाल पद्धतीने अवघड समीकरणे सोडवली. त्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापला. त्याचा शिलालेख चाळीसगावाजवळ पाटण येथे सापडला.

येथे मला घाईने एक कुंपण घालायचे आहे. ‘म्हणजे मोबाइल आमच्या पूर्वजांना ठाऊक होता’ असे वाक्य उद्या कोणी माझ्या नावावर फिरवू नये. ब्रह्मगुप्ताला वर्गप्रकृती सोडवायची होती, लहरींशी त्याचे काही देणेघेणे नव्हते. दोन वर्गांपुरते हे सूत्र त्याच्याही आधी ग्रीक डायोफँटसला माहीत होते. त्या सूत्राचा मान ते खरे आहे यातच आहे. त्याला फोनचे पेटंट जोडण्याची गरज नाही.

पण सूत्राचा माग काढत गेले की एक कठोर भिंत लागते, आणि ती सांगण्यासारखी आहे. दोन वर्गांचे जमले, मग चार वर्गांचे? ऑइलरने १७४८ मध्ये तेही जमवून दाखवले, आणि कोनासकट मांडलेली अलामूतींची पद्धत खरे तर त्याच चार वर्गांच्या सूत्रावर उभी आहे. आठ वर्गांचेही जमते. सोळाचे? नाही. हुरविट्झ यांनी १८९८ साली सिद्ध केले की हा खेळ १, २, ४ आणि ८ या संख्यांनाच जमतो. पुढे कधीच नाही. नेमक्या शंभर वर्षांनी अलामूतींचा निबंध आला, आणि लगेच लोकांनी विचारले, टॉवरवर चार अँटेना लावून अशीच सोपी पद्धत काढता येईल का? १९९९ मध्ये तारोख, जाफरखानी आणि कॅल्डरबँक यांनी हुरविट्झच्याच वाटेने जाऊन उत्तर दिले: कोनासकट चिन्हे पाठवायची असतील आणि वेग न घटवता इतकी स्वच्छ उकल हवी असेल, तर दोनच अँटेनांना ते शक्य आहे. तीन-चार अँटेना घ्याल तर वेग पाऊणपटीवर येतो. अभियंत्यांना भिंती आवडत नाहीत, पण ही चांगली. तिने शोधणाऱ्यांचा वेळ वाचवला.

आता फोनला ते ‘तीन’ आणि ‘चार’ कळले कसे? वाटेचा गुणक त्याला कोणी सांगितला? उत्तर असे की टॉवर मधून मधून आधीच ठरलेली चिन्हे पाठवतो. +१ पाठवले हे दोघांना ठाऊक आहे; फोनला ३ मिळाले, तर वाट तिनाची. पण गोंगाटामुळे एकदा ३.२ मिळते, एकदा २.७, आणि चालत्या गाडीत वाट स्वतःच बदलत असते. येथे मदतीला येते ती स्टॅनफर्डच्या विड्रो आणि हॉफ यांची १९६० ची रीत. ती समजायला तंबोरा जुळवणाऱ्याकडे पाहावे. तो गणित करत नाही. तार छेडतो, षड्जाशी किती फरक आहे ते ऐकतो आणि फरकाच्या उलट दिशेने मणी किंचित सरकवतो. पुन्हा छेडतो, पुन्हा सरकवतो. विड्रो-हॉफ पद्धत हीच: नवा अंदाज म्हणजे जुना अंदाज, अधिक चुकीचा एक लहानसा अंश. प्रत्येक गुणकामागे एक-दोन गुणाकार आणि एक बेरीज. याहून शास्त्रशुद्ध, एका दमात अचूक उत्तर देणाऱ्या पद्धती होत्या आणि आहेत, पण त्यांचा हिशेब गुणकांच्या संख्येच्या वर्गाने किंवा घनाने वाढतो. मणी केवढा सरकवायचा हे मात्र अनुभवाचे काम. फार सरकवला तर गोंगाटाच्या मागे धावत सुटतो, कमी सरकवला तर गाडी पुढे जाते आणि अंदाज मागच्या स्टेशनवर राहतो. फोनवर बोलताना आपलाच आवाज उशिराने ऐकू येऊ नये म्हणून जी व्यवस्था असते, तिच्यातही हेच कुटुंब राबत असते.

आतापर्यंत मी एक गोष्ट झाकून ठेवली. परावर्तित लहर उशिराने येते, तेव्हा ती पुढच्या चिन्हाच्या अंगावर पडते. नवरात्रात मोठ्या मैदानावर गरबा चालू असतो तेव्हा दूरच्या भोंग्याचा ताल जवळच्या भोंग्याच्या तालावर अर्धी मात्रा मागून पडतो आणि पाय चुकतात, तसे. चिन्हे जितकी भरभर पाठवू तितका गोंधळ जास्त. हा गोंधळ उलगडण्याची सर्वोत्तम पद्धत अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ मध्ये दिलेल्या रीतीने अमलात येते, आणि दुसऱ्या पिढीच्या फोनांनी ती पत्करलीही. पण प्रतिध्वनी एका चिन्हाने लांबला की तिचे काम दुप्पट होते. दहा चिन्हांनी लांबला तर हजारपट.

चौथ्या पिढीने दुसरा रस्ता धरला: एकाच भरधाव प्रवाहाऐवजी शेकडो संथ प्रवाह शेजारी-शेजारी. एलटीईच्या वीस मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे १२०० उपवाहक असतात आणि प्रत्येकावरचे चिन्ह सुमारे ६७ मायक्रोसेकंद टिकते. त्याच्या पुढे पावणेपाच मायक्रोसेकंदांची राखीव जागा सोडतात. लहर तेवढ्यात सुमारे चौदाशे मीटर जाते. म्हणजे थेट वाटेपेक्षा चौदाशे मीटर लांबून आलेला प्रतिध्वनीही त्या राखीव जागेत विरून जातो, आणि प्रत्येक उपवाहकाला एकेक भागाकार केला की काम होते. कल्पना साठच्या दशकापासून होती. अडले होते ते हिशेबावर. १२०० सूर एकमेकांतून वेगळे काढायला २०४८ बिंदूंचे फूरिए रूपांतर करतात. सरळ मार्गाने त्याला सुमारे ४२ लाख गुणाकार लागतात, आणि असे रूपांतर सेकंदाला चौदा हजार वेळा करायचे. म्हणजे सेकंदाला ५,८७२ कोटी गुणाकार! खिशात शेगडी ठेवावी लागली असती. कूली आणि टुकी यांनी १९६५ मध्ये दाखवलेल्या द्रुत रीतीने हेच काम प्रत्येक वेळी ११,२६४ गुणाकारांत होते. सेकंदाला सुमारे १६ कोटी. उत्तर तेच, एका अंकाचाही फरक नाही. मोठ्या रूपांतराचे दोन अर्ध्या तुकड्यांत, त्यांचे पुन्हा अर्ध्यांत असे करत जायचे, आणि एकदा केलेले काम पुन्हा करायचे नाही. गाउसने १८०५ च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षा मोजताना हीच युक्ती लॅटिनमध्ये लिहून ठेवली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली आणि शंभर वर्षे कोणाच्या नजरेत भरली नाही.

या पद्धतीलाही एक खोड आहे. बाराशे सूर कधी एकदम टिपेला जातात आणि लहरीचे शिखर फार उंच उठते. ते न कापता पाठवायचे तर प्रवर्धक मोठा आणि खादाड लागतो. टॉवरला ते परवडते. म्हणून एलटीईत टॉवरकडून फोनकडे ही पद्धत आहे, आणि फोनकडून टॉवरकडे तिचाच शिखर कमी असणारा प्रकार, बॅटरीची दया येऊन. खर्च कोणाच्या माथी टाकायचा हा प्रश्न या शास्त्रात पदोपदी येतो.

एका नावाचा उल्लेख येथे केला पाहिजे. थॉमस कैलाथ यांचा जन्म १९३५ मध्ये पुण्यात झाला. घर मल्याळी, पण शाळा आणि अभियांत्रिकी महाविद्यालय दोन्ही पुण्याचीच. १९५६ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले. स्टॅनफर्डला त्यांनी आणि भारतीय नौदलातून आलेल्या आरोग्यस्वामी पॉलराज यांनी अनेक अँटेनांनी एकाच वेळी वेगवेगळे प्रवाह पाठवण्याच्या कल्पनेचे पेटंट मिळवले. ते १९९४ मध्ये मंजूर झाले. अलामूतींनी दुसरी अँटेना विश्वासार्हतेसाठी वापरली, पॉलराज-कैलाथांनी वेगासाठी. फोनवर बोलणे तुटत असताना पहिले हवे, आणि वाट चांगली असून चित्रपट उतरवून घ्यायचा असेल तेव्हा दुसरे. पॉलराजांना २०१४ आणि अलामूतींना २०२२ सालचे मार्कोनी पारितोषिक मिळाले, तर कैलाथांना २०१७ मध्ये मार्कोनी सोसायटीचा जीवनगौरव पुरस्कार.

हे सगळे मराठीत सांगताना काही ठिकाणी मला अडखळावे लागले, ते तुम्ही पाहिलेच. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये याच शहरात कलाभवन काढले तेव्हा धंद्याचे शास्त्र देशी भाषेत शिकवायचे हा प्राध्यापक गज्जरांचा आग्रह होता. मी जेथे ‘अँटेना’ आणि ‘टॉवर’ तसेच ठेवले, तेथे ते मुद्दाम. रस्त्यावरचा माणूस वापरतो तो शब्द मला पुरतो. पण ‘भावना’ या शब्दाला मात्र मी कोणताही परका पर्याय घेणार नाही.

अलामूतींची पद्धत तिसऱ्या पिढीच्या फोनांत आली, एलटीईत आली, वायफायच्या २००९ च्या मानकात आली. पाचव्या पिढीच्या मूळ आराखड्यात टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या संदेशासाठी ती ठेवलेली नाही. तेथे एकेका टॉवरवर चौसष्ट-चौसष्ट अँटेना असतात, आणि फोनची वाट कशी आहे हे टॉवरला बऱ्याच अंशी मोजून कळते. मग तो लहर नेमकी त्या बाजूलाच रोखतो. ‘टॉवरला ठाऊक नाही’ या अडचणीवर उभी असलेली युक्ती ती अडचण हटल्यावर बाजूला झाली. घरातल्या वायफायच्या डब्यात मात्र ती अजून असू शकते. त्याच्या तांत्रिक माहितीत ‘एसटीबीसी’ अशी चार अक्षरे दिसली, तर तीन, चार आणि पंचवीसचा तो हिशेब तेथे चालू आहे असे समजावे.